डोंगरावरचा तास कोणाच्या खाती?

दुरून डोंगर साजरे, असे आपले वाडवडील सांगून गेले. परंतु त्यांच्या नातवंडा-पतवंडांना तोच डोंगर आता जवळून, आणि तोही पळत पळत, पाहावासा वाटू लागला आहे. बडोद्याहून पन्नासएक किलोमीटरवरच्या पावागडाकडे रविवारी पहाटे ज्या मोटारी जातात, त्यांत कालिकामातेच्या दर्शनाला निघालेल्या भाविकांखेरीज हल्ली आणखीही काही मंडळी असतात. पायांत खडबडीत तळव्यांचे बूट, पाठीला पाण्याची चिमुकली पिशवी, मनगटावर चढउतार मोजणारे घड्याळ. माचीपर्यंत मोटार जाते, तिथून पुढे रज्जुमार्ग आहे. पण या मंडळींना दोन्हींचे सोयरसुतक नसते. चांपानेरच्या पायथ्याशी मोटार उभी करून ती जुन्या पायवाटेने वर पळू लागतात आणि वर पोचल्यावर पुन्हा खाली. यांत कोणी बँकेत आहे, कोणी डॉक्टर, कोणी विद्यापीठात अध्यापक, कोणी कारखान्यात इंजिनियर. बहुतेक तिशी ते पन्नाशीच्या दरम्यानची. म्हणजे घरी शाळेत जाणारी मुले आणि देव्हाऱ्यापुढे बसणारे आईवडील, दोन्ही असलेली.

या नव्या छंदाविषयी आपल्या घरांत दोन मते ऐकू येतात. वडीलधाऱ्यांचे मत असे की, हे नसते खूळ आहे. पोराबाळांच्या धन्याने गुडघे सांभाळून असावे. तरुणांचे मत असे की, दिवसभर खुर्चीत बसून ज्यांची कंबर धरली आणि साखर वाढली त्यांनी डोंगर चढू नये तर काय करावे? माझ्या मते या वादात तरुणांची बाजू खरी आहे, परंतु ती अर्धी आहे. डोंगरावर धावणे चांगलेच. प्रश्न गुडघ्यांचा नाही, खुळाचाही नाही; प्रश्न वेळेच्या जमाखर्चाचा आहे. डोंगरावर जो तास जातो तो कोणाच्या तरी खात्यातून निघालेला असतो. तो कोणाच्या, हे विचारण्याची रीत आपल्या घरांत अजून पडलेली नाही.

प्रथम हा तास केवढा असतो ते पाहू. ओळखीच्या एका घरी हा विषय निघाला तेव्हा घरातल्या सूनबाई शांतपणे म्हणाल्या, “गडाला ह्यांचे पावणेतीन तास लागतात, पण घराला ते नऊ मोजावे लागतात.” हिशेब केला तेव्हा तो अगदी बरोबर निघाला. पहाटे चारला घर सोडायचे, साडेपाचच्या सुमारास चढायला लागायचे, सव्वाआठला खाली यायचे. मग पायथ्याशी चहा आणि मंडळींच्या गप्पा, वाटेत फाफडा-जलेबी, सव्वादहाला घर. नंतर स्नान, भरपेट जेवण, आणि मांड्या भरून आल्यामुळे दुपारी एकपर्यंत झोप. त्या नऊ तासांत मुलांचा अभ्यास, सासऱ्यांचे औषध, दूधवाला, पाण्याची टाकी, आणि रविवार म्हणून आलेला पाहुणा, हे सर्व दुसऱ्या कोणीतरी पाहिलेले असते. धावणाऱ्याच्या घड्याळात पावणेतीन तासांचीच नोंद होते. उरलेल्या सव्वासहा तासांची नोंद करील असे घड्याळ अजून निघालेले नाही.

सपाट रस्त्यावर पळणाऱ्यांचा हा प्रश्न इतका बिकट नसतो. त्यांना कमाटी बागेला चार फेऱ्या घालून सातच्या आत घरी येता येते. डोंगराचे गणित निराळे आहे. तेथे अंतराला फारसा अर्थ नाही. चढ किती, उतार किती, आणि पायाखालची वाट कशी, यावर सगळे अवलंबून. साताऱ्याला २०१२ सालापासून यवतेश्वरच्या घाटाने कासच्या रस्त्यावर जी एकवीस किलोमीटरांची डोंगरी शर्यत भरते, तिचे नाव आता देशभर झाले आहे; सपाटीवर दोन तासांत तेवढे अंतर तोडणाऱ्याला तो घाट चांगलाच घाम फोडतो. वास्तविक ती शर्यत पक्क्या सडकेवरून आहे. युरोपात आल्प्सच्या माँ ब्लाँ पर्वताभोवती २००३ सालापासून होणारी शर्यत तर फ्रान्स, इटली आणि स्वित्झर्लंड अशा तीन देशांतून सुमारे १७० किलोमीटर जाते, आणि तिच्यातला एकूण चढ सुमारे दहा हजार मीटर भरतो. अशा शर्यतींची चित्रे पाहून बडोद्यातला एखादा कारकून किंवा वकील उत्साहाने पेटतो, आणि मग त्याला वाटू लागते की, डोंगराची तयारी डोंगरावरच व्हायची आणि जितके रविवार तितके गड. येथेच घरचे गणित चुकू लागते.

आपल्या शहराला व्यायामाची परंपरा नवी नाही. जुम्मादादांचा आखाडा आणि तेथे राजरत्न माणिकरावांनी घडविलेल्या पिढ्या यांची नावे अजून जुन्या घरांतून निघतात. १९३६ सालापासून ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे दहा खंड मराठीत निघाले, तेही याच बडोद्यातून, दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांच्या संपादनाखाली. आणि बेळगावकरांना तर सांगायलाच नको की, १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावून एकोणिसावे आलेले फडेप्पा चौगुले त्यांच्याच गावचे. तेव्हा धावणे, दमणे आणि घाम गाळणे यांत परकीय असे काही नाही. परंतु त्या तालमींची मांडणी कशी होती, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. तालीम घरापासून पायी जाण्याच्या टप्प्यात असे. वेळ ठरलेली असे, आणि ती बहुधा सूर्योदयापूर्वीची. दंड-बैठका, जोडी, मल्लखांब जे काय व्हायचे ते झाले की माणूस कचेरीच्या वेळेआधी घरी परत. डोंगरावर जाणाऱ्याला नऊ तासांत जे साधते, त्यातले पुष्कळसे तालमीत जाणारा रोजच्या दीड तासात साधीत असे.

मात्र या जुन्या दिवसांचे गोडवे गाताना एक गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. तालमीतून येणाऱ्यासाठी बंब कोणी पेटविलेला असे? बदाम कोणी भिजत घातलेले असत, दूध कोणी तापवलेले असे? ती बाई स्वतः व्यायामाला केव्हा जाणार, असे कोणी विचारल्याचे आमच्या ऐकिवात नाही. तालीम वेळेच्या दृष्टीने काटकसरीची होती खरी, पण ती काटकसरही दुसऱ्याच्या कष्टांवर उभी होती. जुन्या व्यवस्थेतून आपण वेळेची शिस्त घ्यावी. तिच्यातली एकतर्फी उचल घेऊ नये.

काही जण म्हणतील, वेळेची एवढी ओढाताण करून डोंगराची तयारी होतच नाही. ज्याला करायचे त्याने संसार बाजूला ठेवलाच पाहिजे. याला इतिहासाचा आधार नाही. इंग्लंडच्या सरोवरांच्या प्रांतात वास्डेल नावाच्या खोऱ्यात जॉस नेलर नावाचा मेंढपाळ होऊन गेला. २०२४ साली, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, तो वारला. १९७५ साली, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, त्याने चोवीस तासांच्या आत ७२ शिखरे पायांखाली घातली. त्याला सरावासाठी निराळा रविवार काढावा लागला नाही. मेंढ्यांमागे डोंगर चढणे हाच त्याचा धंदा होता. रॉन हिल याची गोष्ट आपल्या नोकरदारांना अधिक जवळची वाटेल. हा कापडधंद्यातला रसायनशास्त्रज्ञ. १९७० साली त्याने बॉस्टनची मॅरेथॉन जिंकली, आणि त्याच वर्षी एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेतली मॅरेथॉनही. नोकरीवर पळत जायचे आणि पळत यायचे, हा त्याचा शिरस्ता. डिसेंबर १९६४ पासून जानेवारी २०१७ पर्यंत, बावन्न वर्षांहून अधिक काळ, तो एकही दिवस न चुकता निदान मैलभर धावला. दोघांचीही थोरवी बाजूला ठेवली तरी त्यांची युक्ती आपल्या कामाची आहे. त्यांनी सराव दिवसाच्या कामात विणून टाकला. जाण्यायेण्याची वेळ कशीही जाणारच होती. ती पायांना दिली.

आता शरीरशास्त्राकडे पाहू, कारण ते गृहस्थाच्या बाजूचे आहे, आणि ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. डोंगरावर माणसाला धाप लागते ती चढताना, पण त्याचे पाय मोडतात ते उतरताना. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू एकीकडे अंगाचा भार पेलत असतो आणि त्याच वेळी ताणलाही जात असतो. या उलट्या कामाने त्याचे तंतू दुखावतात, आणि पुढे दोन-तीन दिवस जिना उतरताना आई आठवते. परंतु निसर्गाची सोय अशी की, एकदा असा उतार घडला म्हणजे स्नायू तो धडा लक्षात ठेवतो. पुढचे कित्येक आठवडे तसाच उतार उतरला तरी पूर्वीइतके दुखत नाही. याचा व्यवहारातला अर्थ काय? तर ज्याला डोंगराची सवय राखायची आहे त्याला दर रविवारी पावागड गाठण्याची गरज नाही. तीन आठवड्यांतून एकदा नीट उतार घडला तरी पुष्कळ काम होते. मधले दोन रविवार घराचे.

मग मधल्या दिवसांत काय करावे? बडोदे सपाट आहे, हे खरे. पण जिने काही सपाट नाहीत. हल्ली शहरात दहा-दहा मजल्यांच्या इमारती झाल्या आहेत. मजला तीन मीटरांचा धरला तर दहा मजल्यांचा जिना वीस वेळा चढणे म्हणजे सहाशे मीटरांचा चढ होतो, आणि सरावाच्या माणसाला तो उतरण्यासकट सव्वा-दीड तासात आटोपतो. आठवड्यातून एकदा एवढे केले, दोनदा सपाटीवर पाऊणपाऊण तास धावले, आणि एकदा आपल्या जुन्या बैठका काढल्या, तर डोंगराला लागणारी शिदोरी गावातच बांधून होते. बैठकांचे नाव घेतले म्हणून तरुणांनी हसू नये. मांडीने भार पेलीत सावकाश खाली जाणे आणि वर येणे, हेच तर उतारावर घडते. तालमीतल्या वस्तादांना स्नायूंची शास्त्रीय नावे ठाऊक नसतील, पण स्नायू ठाऊक होते. या सगळ्याचा हिशेब आठवड्याला साडेतीन-चार तासांचा होतो, आणि त्यातला एकही तास घरापासून पन्नास किलोमीटर दूर नाही. एकच सावधगिरी हवी: हे तास झोपेतून चोरून आणू नयेत. रात्री बारापर्यंत हातातल्या फोनमध्ये डोके घालून पहाटे चारला उठणारा माणूस डोंगरावर ठेचकाळतो आणि घरी चिडचिडतो.

येथपर्यंत मी धावणारा तो पुरुषच धरून चाललो आहे, कारण आपल्या घरांत बहुधा तसे असते. पण विषयाचा खरा कस पुढेच लागतो.

रायगडावरचा हिरकणीचा बुरूज आपणां सर्वांना ठाऊक आहे. गडावर दूध घालायला गेलेली गवळण, संध्याकाळी दरवाजे बंद झाले, घरी तान्हे मूल. म्हणून ती अंधारात तुटलेल्या कड्यावरून उतरून गेली, अशी कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. आपण ती मुलांना सांगतो आणि सांगताना आपलाही कंठ दाटतो. आता तिच्या शेजारी एक ताजी हकीकत ठेवून पाहा. जास्मिन पॅरिस ही ब्रिटनमधली पशुवैद्य. २०१९ सालच्या जानेवारीत इंग्लंडच्या पेनाइन डोंगरांतून स्कॉटलंडच्या हद्दीपर्यंत जाणारी ४३१ किलोमीटरांची हिवाळी शर्यत तिने ८३ तास १२ मिनिटांत जिंकली. स्त्रियांत नव्हे, सर्वांत पहिली आली. तेव्हा तिची मुलगी चौदा महिन्यांची होती, आणि अंगावर पीत होती. वाटेतल्या थांब्यांवर थांबून ती दूध काढीत असे आणि पुन्हा बर्फात निघत असे. त्याच सुमारास तिचा डॉक्टरेटचा प्रबंधही लिहून व्हायचा होता. पुढे दुसरे मूल झाले. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातली बार्कली नावाची शर्यत तिने पुरी केली. १९८६ साली सुरू झालेल्या या शर्यतीला साठ तासांची मुदत असते आणि ती बहुतेकांच्याने पुरी होतच नाही. पुरी करणारी ती पहिलीच स्त्री, आणि मुदत संपायला ९९ सेकंद उरले होते. नोकरी आणि मुले सांभाळून ती पहाटे, घर जागे होण्यापूर्वी, सराव करते. आणि ती शर्यतीत असते तेव्हा मुले कोण पाहते? अर्थातच घरातली दुसरी माणसे, आणि त्यांत त्या मुलांचा बाप.

या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की आपल्या मनातली एक गाठ उघडी पडते. डोंगरावरच्या आईचे कौतुक आपल्याला आहे, पण ती मुलासाठी कडा उतरत असेल तर. तीच आई स्वतःच्या आनंदासाठी कडा चढू लागली तर आपण काय म्हणू? “मुलांना कोणाकडे टाकून आली?” हा प्रश्न पावागडाच्या पायथ्याशी चहा पिणाऱ्या बापाला कोणी विचारीत नाही. त्याच्या बायकोने पुढच्या रविवारी बूट चढवले तर तो प्रश्न सासूबाई विचारतात, शेजारीण विचारते, आणि कधी कधी ती स्वतःच स्वतःला विचारते. हा भेद आपल्याकडेच आहे असेही नाही. वर सांगितलेल्या माँ ब्लाँच्या शर्यतीत २०१८ साली सोफी पॉवर नावाची इंग्रज स्त्री तीन महिन्यांच्या बाळाला वाटेतल्या थांब्यावर अंगावर पाजताना दिसली आणि ते छायाचित्र जगभर गेले. मौज वाटावी अशी त्यात गोष्ट नव्हती. दुखापत झालेल्याला आपली जागा पुढच्या वर्षावर टाकता येत असे; गरोदरपणासाठी तशी सोय नव्हती, म्हणून ती तशीच धावली. नियम करणाऱ्यांना मोडलेला घोटा दिसला होता, बाळंतपण दिसले नव्हते. त्या छायाचित्रानंतर ती चूक पुढे दुरुस्त झाली. शर्यतीचे नियम सुधारतात, मग घरचे का सुधारू नयेत?

यावर तीन आक्षेप हमखास घेतले जातात. पहिला असा की, जो आठवडाभर राबतो त्याला एक रविवार मोकळा मिळायला नको का? जरूर मिळावा. पण आठवडाभर घरात राबणारीचा, किंवा नोकरी करून घरातही राबणारीचा, रविवार कोणता, हेही त्याच दमात सांगावे. दुसरा आक्षेप दिसायला गोड आहे: सगळ्या कुटुंबानेच पावागडावर जावे, म्हणजे सराव तोही झाला आणि सहलही. वर्षातून दोनदा अवश्य जावे. परंतु माणूस वर धावतो आहे आणि बायको माचीवर दोन मुले, तीन पिशव्या आणि एक रडका भाचा सांभाळीत त्याची वाट पाहते आहे, याला सहल म्हणत नाहीत. याला घरकामाची बदली म्हणतात. तिसरा आक्षेप असा की, हे सारे पोट भरलेल्यांचे चोचले आहेत. त्यात तथ्य आहे. गिरनारच्या सुमारे दहा हजार पायऱ्यांवर यात्रेकरूंना डोलीतून खांद्यावर वाहून नेणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. २०२० साली तिथे रज्जुमार्ग झाला, तेव्हा त्यांच्या पोटाचाही प्रश्न निघाला. ज्यांना डोंगर ही रोजी आहे त्यांच्यापुढे आपण आपल्या धावण्याची फुशारकी मारू नये हे बरे. पण चोचला म्हटला तरी त्याचा खर्च प्रामाणिकपणे मांडावा लागतोच. किंबहुना चोचल्याचा तर आधी मांडावा लागतो.

आपली जुनी मराठी घराणी बहुतेक दप्तरात, फडणिशीत, खजिन्यात वाढलेली. कीर्द आणि खतावणी आपल्याला शिकवावी लागत नाही. तेव्हा हीच सवय येथे लावावी असे मला सुचवायचे आहे. महिन्याच्या आरंभी घरातल्या मोठ्या माणसांनी दिनदर्शिका पुढे घेऊन बसावे. महिन्याचे चार-पाच रविवार. त्यांतला एक एकाचा, एक दुसऱ्याचा, उरलेले सर्वांचे. ज्याचा रविवार असेल त्याने निघण्याची वेळ सांगावी तशी परतण्याचीही सांगावी, आणि दुसरी अधिक काटेकोरपणे पाळावी. घरी आल्यावर झोपू नये. परतल्या क्षणापासून घराचा चार्ज त्याच्याकडे. दुसऱ्याच्या पाळीला जो घरी राहील त्याने तसेच पुरते काम पाहावे. “भाजी चिरून ठेवलेली आहे ना?” असे फोनवरून विचारणाऱ्याला पाळी घेतल्याचे श्रेय नाही. आणि पाळी बायकोने धावण्यासाठीच वापरावी असेही बंधन नको. तिला गाण्याच्या बैठकीला जायचे असेल, मैत्रिणीकडे जायचे असेल, किंवा दार लावून स्वस्थ पडायचे असेल. तास तिचा आहे, हिशेब तिने द्यायचा नाही.

काही दिवस कोणाच्याच खाती लिहू नयेत. मुलांच्या परीक्षेचे आठवडे, घरातले आजारपण, गौरी-गणपती, श्राद्धपक्षातला आपला दिवस. या दिवसांत डोंगर जागच्या जागी राहतो, कोठे पळून जात नाही. होळीनंतर गुजरातचे ऊन असे तापते की, सकाळी आठनंतर उघड्या कातळावर धावणे हे धाडस नसून अविचार ठरतो. तेव्हा तो हंगाम मुळातच सोडून द्यावा. चैत्रात आणि नवरात्रात पावागडाच्या वाटा यात्रेकरूंनी भरलेल्या असतात, आणि अनवाणी चढणाऱ्या म्हातारीला बाजूला हो म्हणण्याचा अधिकार कोणत्याही बुटाला नाही. एकट्याने जाऊ नये, कोणत्या वाटेने जाणार ते घरी सांगून जावे, पाणी लागेल त्यापेक्षा थोडे अधिक न्यावे. आणि शर्यत वर्षातून एक, फार तर दोन. दर महिन्याला एक पदक घरी आणणाऱ्याच्या भिंतीकडे पाहून माझ्या मनात त्याच्या पायांपेक्षा त्याच्या घरच्यांच्या सहनशक्तीविषयी अधिक आदर उत्पन्न होतो.

हे सगळे घराघरांवर सोडून चालणार नाही; संस्थांनीही थोडा हात लावावा. आपल्या व्यायामशाळा आणि मंडळे यांच्याकडे जागा आहे, नाव आहे, आणि पुष्कळ ठिकाणी पहाटेचे दोन तास मोकळे आहेत. तेथे बैठका आणि जिना-सरावाचा एक वर्ग पाचला आणि एक साडेसहाला ठेवला, तर नवरा-बायको दोघांनाही एकाच सकाळी आळीपाळीने जाता येईल आणि मुलांना शाळेच्या गाडीत बसवायला कोणीतरी घरी असेल. डोंगरावर सामुदायिक रीतीने जाणाऱ्या मंडळींनी पायथ्याशी मुलांसाठी दोन स्वयंसेवक ठेवावेत. चांपानेरच्या जुन्या इमारती मुलांना हिंडून दाखवल्या तर तीन तास कसे जातील कळणार नाही. युनेस्कोने २००४ साली जागतिक वारसा म्हणून मान्यता दिलेली ती जागा, आणि आपल्या मुलांना तिच्यातले पार्किंगच तेवढे ठाऊक असावे, हे बरे नाही.

गृहस्थाश्रमात राहून काही साधायचे तर ते चोरून साधत नाही आणि हट्टानेही साधत नाही. मागून घ्यावे लागते आणि फेडावे लागते. डोंगरावरचा तास त्याला अपवाद नाही. तो ज्याने मोकळ्या मनाने मागून घेतला आणि वेळेवर फेडला त्याला घरात कोणी खुळा म्हणत नाही, उलट त्याच्या बुटांना कोणीतरी उन्हात ठेवते. दिवाळीनंतर हवा पडेल, गडावरची वाट कोरडी होईल, आणि पुन्हा बूट निघतील. त्यापूर्वी प्रत्येक घराने एवढेच ठरवावे की, पहिला रविवार कोणाचा. आजवर ज्याने अधिक तास उचलले आहेत त्याने तो दुसऱ्याला द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.